लंकेचा ‘ॲ’ आणि आपला ‘ॲ’

लिपीवरून भांडण्यात आपण मराठी माणसे कधी मागे राहिलो नाही. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी मांडली तेव्हा आपण भांडलो. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे नेला तेव्हाही भांडलो. ‘श’ला शेंडी असावी की नसावी, ‘ल’ पाकळीचा काढावा की दांड्याचा, यावर घटकाभर तावातावाने बोलला नाही असा मराठीचा शिक्षक मला अजून भेटायचा आहे. हे सर्व मला आवडते. ज्यांना आपल्या अक्षरांविषयी काहीच वाटत नाही त्यांच्यापेक्षा त्यांच्यासाठी भांडणारे केव्हाही बरे. पण माझा प्रश्न निराळा आहे. जगातील लिप्यांच्या एकेका अक्षराला कायमचा क्रमांक दिला जात होता, त्या वर्षांत ही सगळी भांडकुदळ मंडळी कोठे होती?

प्रश्न कुत्सितपणाने विचारलेला नाही. त्याच वर्षांत आपल्या दक्षिणेच्या एका बेटावरची माणसे जागी होती. त्यांनी आपली अक्षरे राखली आणि आपण आपली राखली नाहीत. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तर आपल्या लिपिप्रेमाचे खरे वजन कळते. म्हणून हा लेख.

प्रथम क्रमांकाची गोष्ट. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. आपण कळ दाबून ‘अ’ उमटवतो तेव्हा यंत्राच्या पोटात २३०९ हा आकडा जातो. पडद्यावर दिसतो तो ‘अ’ म्हणजे त्या आकड्यावर चढवलेला अंगरखा. अंगरखा बदलता येतो, त्यालाच आपण फाँट म्हणतो. आकडा बदलत नाही. कोणत्या अक्षराचा आकडा कोणता, याची जगभर मान्य झालेली जंत्री म्हणजे युनिकोड. ती सांभाळणारी संस्था १९९१ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेशी मेळ ठेवून ती काम करते. तिचा एक नियम वाचकांनी पक्का लक्षात ठेवावा: एकदा दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही आणि अक्षराचे एकदा नोंदवलेले नाव बदलले जात नाही. तलाठ्याच्या दप्तरातली चूक अर्जविनंत्या करून दुरुस्त होते. या दप्तरातली चूक आपल्या नातवंडांनाही पुरते.

आता लंकेकडे वळू. सिंहली लिपीत एक स्वर आहे. आपण ‘बॅट’, ‘बँक’ म्हणताना जो उच्चार करतो, तोच. आपल्याकडे तो इंग्रजीच्या बोटाला धरून आला; सिंहलीत तो घरचा आहे, आणि घरचा कसा झाला तेही पाहण्यासारखे आहे. पुढच्या अक्षरातल्या इकाराने किंवा यकाराने मागच्या अकाराला ओढले आणि त्याचा ‘ॲ’ झाला. संस्कृत ‘अक्षि’ची सिंहलीत ‘ॲस’ झाली, म्हणजे डोळा. पालीतल्या ‘हत्थी’चा ‘ॲता’ झाला, म्हणजे हत्ती. ‘मध्य’चा ‘मॅद’ झाला. या स्वराचे स्वतंत्र अक्षर सिंहली ‘अ’ला एक खूण जोडल्यासारखे दिसते, जसा आपला ‘ॲ’ हा ‘अ’वर चंद्र ठेवल्यासारखा दिसतो. शिवाय त्याचा दीर्घ भाऊही आहे. सिंहली मुले अक्षरे शिकतात ती ‘अयन्न, आयन्न, ॲयन्न’ अशा क्रमाने.

युनिकोडच्या जंत्रीत सिंहलीला ३४५६ ते ३५८३ अशा १२८ जागा दिल्या आहेत. त्यांत ३४६१ वर ‘अ’, ३४६२ वर ‘आ’, ३४६३ वर ‘ॲ’ आणि ३४६४ वर दीर्घ ‘ॲ’ बसला आहे, मग ‘इ’. शाळेतल्या पाटीवर जो क्रम तोच जंत्रीत. हे १९९९ साली, म्हणजे सिंहली लिपी युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा आली त्याच दिवशी झाले. ‘ॲ’ला ताटकळत बसावे लागले नाही.

हे आपोआप घडले असे कोणी समजू नये. लंकेने १९९६ साली आपल्या लिपीच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक ११३४. पुढच्या वर्षी, १९९७ साली, ग्रीसच्या क्रीट बेटावर आंतरराष्ट्रीय कार्यगटाची बैठक भरली. तेथे सिंहली लिपी जंत्रीत कशी घ्यावी याबद्दल एक सोडून अनेक मसुदे होते. ब्रिटनकडून, आयर्लंडकडून, अमेरिकेकडून. परक्यांनी सिंहलीचा अभ्यास करून आराखडे मांडावेत यात वाईट काही नाही; उलट त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण लंकेची माणसे आभार मानून घरी बसली नाहीत. ती आपला मसुदा घेऊन क्रीटला गेली, आमची लिपी आम्ही अशी लिहितो आणि अशी मोजतो हे त्यांनी तेथे सांगितले, आणि किरकोळ फेरफार होऊन त्यांचाच मसुदा स्वीकारला गेला. १९९८ साली सिॲटलच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब झाले.

या हजेरीची खूण जंत्रीत आजही वाचता येते. सिंहली अक्षरांची नावे तेथे सिंहली माणसाच्या तोंडची आहेत. व्यंजनाचा पाय मोडणाऱ्या खुणेला देवनागरीच्या पानावर ‘विराम’ म्हटले आहे. सिंहलीच्या पानावर तिला ‘अल्लकुण’ म्हटले आहे, कारण लंकेतला पंतोजी तिला तेच म्हणतो. ‘ॲ’च्या मात्रेचे नाव ‘ॲदपिल्ल’. ही नावे रोमन लिपीत नोंदली आहेत, पण बोली कोलंबोची आहे. ज्याने नाव सांगितले तो त्या खोलीत हजर होता, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आता आपल्या घरी येऊ. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. सिंहलीच्या आठ वर्षे आधी. तिची मांडणी कोणी परक्याने मनाने रचली नाही. ती भारत सरकारच्याच १९८८ च्या इस्की संकेतावरून घेतली. त्या संकेतात ‘ए’वर चंद्र दिलेले अक्षर होते, ‘ऍ’. ‘ऑ’ होता. मराठी माणूस लिहितो तो ‘अ’वरच्या चंद्राचा ‘ॲ’ मात्र नव्हता. म्हणजे ‘ऑफिस’ला जागा होती, ‘ॲडव्होकेट’ला नव्हती! मराठीसाठी या अक्षराला क्रमांक मिळाला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. क्रमांक २४१८. ‘अ’ २३०९ वर आणि ‘ॲ’ २४१८ वर. मध्ये सगळी बाराखडी, अंक, दंड आणि संक्षेपाचे पोकळ टिंबसुद्धा. पंगत उठत आली तेव्हा पाहुणा आला आणि मिळेल त्या पाटावर बसला. शब्दांची अकारविल्हे लावताना यंत्रे निराळे कोष्टक वापरतात, त्यामुळे केवळ शेवटी बसल्याने ‘ॲ’चे मोठे नुकसान होत नाही हे मला ठाऊक आहे. नुकसान झाले ते मधल्या सतरा वर्षांत.

या सतरा वर्षांत मराठी माणसाने ‘ॲ’ लिहायचे थांबवले नव्हते. दारावरच्या पाट्या, वकिलांच्या याद्या, औषधांची नावे, क्रमिक पुस्तके, सगळीकडे तो लागतच होता. मग ज्याला जसे सुचले तसे त्याने केले. कोणी ‘ऍ’वर भागवले. कोणी ‘अ’चा आकडा देऊन पुढे चंद्राच्या मात्रेचा आकडा ठोकला. पुढे खरा ‘ॲ’ आला तेव्हा तिसरी तऱ्हा सुरू झाली. आज एकाच शब्दाची ही तीन रूपे गुण्यागोविंदाने नांदत आहेत: ऍसिड, अॅसिड, ॲसिड. शेवटची दोन डोळ्याला बहुतेक सारखीच दिसतात, पण यंत्राला ती एकमेकांची कोणी लागत नाहीत. जंत्रीत काही जोड्यांविषयी ‘ही दोन लिखाणे एकच समजावीत’ असे स्पष्ट नोंदलेले असते. आपला ‘ऱ’ आणि नुक्ता दिलेला ‘र’ यांची तशी नोंद आहे. ‘ॲ’ची नाही. युनिकोडचा ग्रंथ एवढेच सांगतो की ‘ॲ’साठी २४१८ वापरा, ‘अ’पुढे मात्रा जोडू नका. मराठी टंकणाऱ्या हजारोंपैकी कितीजण तो ग्रंथ उघडून बसले असतील?

मी एका ग्रंथालयाच्या संगणकावर ॲरिस्टॉटलविषयीची मराठी पुस्तके शोधत होतो. एका तऱ्हेने नाव टंकले तर काही पुस्तके आली, दुसऱ्या तऱ्हेने टंकले तर आधीची गेली आणि निराळीच आली. सगळी पुस्तके त्याच इमारतीत, बहुधा एकाच कपाटात. तिथल्या ग्रंथपालांनी शांतपणे सांगितले, “तीनही प्रकारे पाहा, म्हणजे राहणार नाही.” मी पाहिले, कारण मला आतली भानगड माहीत होती. ज्या विद्यार्थ्याला ती माहीत नाही तो ‘या विषयावर मराठीत एवढेच आहे’ असे समजून घरी जातो आणि पुढे इंग्रजी वाचतो. पुस्तक जळले तर आपण हळहळतो. असलेले पुस्तक नसल्यासारखे झाले तर कोणाच्या डोळ्यांतून टिपूस येत नाही.

यावर मला तीन उत्तरे ऐकू येतात. तीनही मला मान्य नाहीत.

पहिले उत्तर असे की हे तंत्रज्ञांचे काम. साहित्यिकांनी आणि वाचकांनी त्यात पडू नये. अहो, ‘ॲ’ हा ‘अ’च्या घरचा की ‘ए’च्या घरचा हे तंत्रज्ञाने कसे ठरवायचे? तो विचारणार तुम्हांलाच. मराठी लेखक, शिक्षक, कोशकार आणि मुद्रक यांनी एकमुखाने ‘आम्ही अ-वर चंद्र देतो’ असे १९८८ साली सांगितले असते, तर तंत्रज्ञाला एक ओळ वाढवायची होती. सांगायचे काम आपले होते. खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी चुकला तर लेखक मुद्रितावर तांबड्या शाईने फुली मारत असे. त्याने तेव्हा ‘हे जुळाऱ्याचे काम’ असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे उत्तर शुद्धतेच्या कैवाऱ्यांचे. ‘ॲ’ हा मुळी मराठीचा नव्हेच, परक्या शब्दांसाठी घेतलेली उसनवारी. तिच्या क्रमांकाचे सुतक कशाला? हे गृहस्थ सकाळी उठून बँकेत जातात, मुलाला बॅट आणून देतात आणि संध्याकाळी ॲसिडिटीची गोळी घेतात. पण तेही सोडून देऊ. लंकेकडे पाहा. तेथे ‘ॲ’ घरचा होता म्हणून त्याला जागा मिळाली असे म्हणावे, तर त्याच पानावर ३५२६ क्रमांकाला ‘फयन्न’ बसला आहे. इंग्रजीतला दातओठी ‘फ’, जो सिंहलीत उसनाच आला. लंकेने त्याला क्रमांक मागितला आणि मिळवला. पाहुणा घरात राहायला आला आहे, रोज पानावर बसतो आहे, तर त्याचे नाव शिधापत्रिकेत लिहावे, एवढा साधा व्यवहार त्यांनी ओळखला. आपण मात्र चंद्राची मात्रा वापरत राहिलो आणि तिच्या स्वराला दारात उभे ठेवले. महाराष्ट्र शासनाने प्रमाणित वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना रीतसर बसवले ते २००९ साली. तारखा नीट पाहा: जगाच्या जंत्रीने आपला ‘ॲ’ २००८ साली घेतला आणि आपल्या राज्याने २००९ साली! ज्या अक्षराला त्याच्या घरच्यांनीच नावाने हाक मारली नव्हती, त्याच्यासाठी परदेशात कोणी कशाच्या आधारावर भांडायचे?

तिसरे उत्तर सगळ्यांत लोकप्रिय आहे: गोऱ्या लोकांनी आपल्यावर अन्याय केला. याइतके सोपे आणि याइतके खोटे दुसरे काही नसेल. मसुदा दिल्लीचा होता. देवनागरी म्हणजे हिंदी, आणि मराठी तिच्या मागोमाग येणारच, ही समजूतही आपल्याच देशातली. आणि ती समजूत मोडून काढण्यासाठी जे ८ कोटी ३० लाख लोक २०११ च्या जनगणनेत आपली मातृभाषा मराठी म्हणून सांगतात, त्यांनी काय केले? सिंहली बोलणारे दीड कोटीच्या आसपास. संख्येच्या बळावर हे काम होत असते तर ‘ॲ’ला आधी जागा मिळायला हवी होती ती मराठीत. नव्या अक्षराचा प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. पुरावे जोडावे लागतात, छापील नमुने द्यावे लागतात, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. हे सगळे कंटाळवाणे आहे. परिसंवादात टाळ्या घेण्याइतके सुखाचे नाही.

लंकेचे मी गोडवे गातो आहे असे कोणाला वाटेल, म्हणून तेथली दुसरी बाजूही सांगतो. त्यांचेही सगळे साधले नाही. सिंहलीत जोडाक्षर हवे असेल तर मध्ये ८२०५ क्रमांकाचा एक अदृश्य सांधा घालावा लागतो. त्यांच्या देशाच्या नावातला ‘श्री’ त्या सांध्यावर उभा आहे. एखाद्या प्रणालीने तो निरुपयोगी समजून झाडून टाकला की देशाचे नावच पाय मोडून पडते. सिंहली चंद्रबिंदू जंत्रीत आला तो २०२० साली. आणि लिपीच्या प्रेमाचे एक भयंकर रूपही त्या बेटाने पाहिले आहे. १९५६ साली सिंहली ही एकच राजभाषा ठरली. त्यानंतर मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर सिंहली ‘श्री’ आला. तमिळांनी त्याला डांबर फासले. उलट बाजूने तमिळ पाट्यांना डांबर फासले गेले, आणि १९५८ साली दंगली पेटून माणसे मेली. एका अक्षराने! तेव्हा अक्षराचा अभिमान म्हणजे काहीतरी निरुपद्रवी छंद आहे असे मी मानत नाही.

पण म्हणूनच क्रीटची गोष्ट मला मोलाची वाटते. मोटारीच्या पट्टीवरचा ‘श्री’ दुसऱ्याला हटवून बसला होता. जंत्रीतला ‘ॲ’ कोणालाही हटवून बसलेला नाही. तमिळची अक्षरे तिच्या जागी सुखरूप आहेत, सिंहलीची आपल्या. एकाला क्रमांक मिळाल्याने दुसऱ्याचा जात नाही. भाषाभिमान दाखवण्याची इतकी निर्मळ संधी इतिहासात क्वचित मिळते. डांबर नको, दगड नको, फक्त तयारीनिशी केलेला कागद हवा. आपण मराठी पाट्यांसाठी रस्त्यावर उतरलो, आणि त्या पाटीवरचा ‘ॲड.’ कोणत्या आकड्यांनी लिहायचा हे ठरवायला एका टेबलाशी बसलो नाही.

हे दुखणे ‘ॲ’पुरते नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ मान देतात आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी. हा भेद मराठीच्या रक्तातला आहे. ज्या ‘ऱ’च्या आधाराने तो संगणकावर लिहिला जातो, त्या अक्षरापुढे जंत्रीत पहिली टीप आहे ती अशी की हे द्राविडी भाषांतला ‘र’ लिहून दाखवण्यासाठी. मराठी र-फाराची सोय त्याच्या अर्ध्या रूपावर भागवलेली! तेथेही दुसरी वाट आहेच, ‘र’पुढे पायमोड आणि अदृश्य सांधा घालण्याची, आणि दोन वाटा म्हटल्या की शोधणाऱ्याची पुन्हा तीच फरफट.

झाले ते झाले, क्रमांक बदलणार नाहीत. पण व्यवहार बदलता येतो, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियाला जावे लागत नाही. लंकेने आपल्या मानकाची २००४ साली सुधारणा केली तेव्हा अक्षरांच्या आकड्यांबरोबर कळफलक आणि अकारविल्हेही त्यात बांधून दिली. आपणही तेवढे करावे. मराठीचा प्रत्येक कळफलक ‘ॲ’साठी २४१८ च देईल आणि दुसरे काही देणारच नाही, असे शासनाने खरेदीच्या अटींतच घालावे. ग्रंथालयांनी जुन्या नोंदींतली तीन रूपे एका रूपात आणावीत. हे काम यंत्र एका रात्रीत करते, फक्त कोणीतरी सांगावे लागते. प्रकाशकांनी अक्षरजुळणीच्या नियमावलीत एक ओळ वाढवावी. शिक्षकांनी मुलांना ‘ॲ’ काढायला शिकवतो तसा तो टंकायलाही शिकवावा. आणि साहित्य संमेलनांनी अभिनंदनाच्या ठरावांपैकी एक कमी करून मराठीच्या संकेतांवर नजर ठेवणारी चार माणसांची समिती नेमावी, जिने दरवर्षी काय केले ते छापून सांगावे.

या अंकाच्या मुद्रितशोधकांना मी विनंती केली आहे की उदाहरणादाखल दिलेली चुकीची रूपे सोडून या लेखातला एकूण एक ‘ॲ’ २४१८ क्रमांकाचा आहे याची खात्री करून घ्यावी. वाचकांनीही फराळाचे ताट बाजूला सारून आपल्या घरातल्या कळफलकावर एकदा ‘ॲ’ उमटवून पाहावा. तो कळ दाबताच अखंड येतो, की ‘अ’ आणि चंद्र असा तुकड्यातुकड्यांनी येतो? तुकड्यांनी येत असेल, तर पुढच्या वर्षी शेंडीच्या ‘श’वर भांडण्यापूर्वी तो आधी बदलून घ्या.